पणजीत काय खावं? एका पावाची गोष्ट

"गोव्याला येतोय, पणजीसाठी एक दिवस काढलाय. काय बघावं, काय खावं ते सांगा," असं पुण्या-मुंबईकडचे, बेळगाव-कोल्हापूरकडचे स्नेही नेहमी विचारतात. याचं तयार उत्तर आता कुणाकडेही मिळतं. फोंताईन्हासमधली रंगीत घरं, चर्चच्या पायऱ्यांवर फोटो, संध्याकाळी मांडवीत बोटीची फेरी आणि मध्ये कुठंतरी मासळीची थाळी. हे उत्तर चुकीचं नाही. पण एवढंच करून गेलेला पाहुणा, पणजी म्हणजे पोर्तुगालचा एक तुकडा कुणीतरी इथं विसरून गेलंय, अशी समजूत घेऊन परततो. या शहराचा निम्मा इतिहास सकाळी साडेसातला चहाच्या हॉटेलात, स्टीलच्या बशीतून समोर येतो, हे त्याला कुणी सांगतच नाही. पातळ भाजी आणि पाव!

म्हणून माझं उत्तर जरा वेगळं असतं. आधी नाश्ता करा, मग शहर बघायला निघा. नाश्ता राहत्या हॉटेलात करू नका, पणजीतल्या 'हॉटेला'त करा. गोव्यात हॉटेल म्हणजे चहा-भजीचं दुकान, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. कॅफे भोसले, कॅफे ताटो ही नावं पणजीकरांच्या तोंडी आहेत. त्याशिवायही गल्लीबोळांत कितीतरी आहेत. आत शिरायचं, जिथं जागा असेल तिथं अनोळखी माणसाच्या शेजारी बसायचं आणि पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही एकत्र करून 'मिक्स' मागवायची. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची किंवा बटाट्याची, नारळाच्या वाटणाची, पावाला भिजवेल इतपत सैल. सुकी म्हणजे बटाट्याची पिवळी भाजी. कधी अळसांद्यांचं तोणाक असतं. ते असेल तर बाकी सगळं सोडून तेच घ्या. सोबत एखादी मिरची, म्हणजे मिरचीचं भजं, आणि केळं घालून केलेला गोडसर बन. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम.

आता त्या बशीकडे नीट बघा. हॉटेलचा मालक बहुधा हिंदू. भिंतीवर गणपती किंवा लक्ष्मी, ताजा हार घातलेली. भाजी शाकाहारी, कांदा-नारळाची, आपल्या घरातली. आणि तिच्या शेजारी पाव, जो ख्रिस्ती पोदेराच्या भट्टीतून येत असे. हे दोन पदार्थ एका बशीत यायला गोव्यात काही शतकं लागली. ती कशी गेली, तेच आज सांगायचं आहे.

'पाव' हा शब्द पोर्तुगीज. पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, ही महाराष्ट्रात अजूनही ऐकू येणारी व्युत्पत्ती निव्वळ कल्पना आहे. पोर्तुगीजात भाकरीला 'पांव' म्हणतात, तोच हा शब्द. बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी, चावी, बादली, साबण, घमेलं, हेही त्याच वाटेने मराठीत आले आणि इतके मुरले की त्यांचं परकेपण आपल्याला जाणवत नाही. पाव मात्र बराच काळ मुरला नाही. त्याला कारण होतं.

पोर्तुगीजांना पाव रोजच्या जेवणालाही हवा होता आणि धर्मविधीलाही. गोव्यात गहू पिकत नव्हता, तो बाहेरून आणावा लागे. आणि पीठ फुगवायला त्यांच्याकडचं आंबवण नव्हतं. त्यावर इथल्याच माडाने उपाय दिला. रेंदेर माडावर चढून सूर काढतो, ती सूर पिठात घातली की पीठ फुगतं. साष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना जेजुइट पाद्र्यांनी पाव भाजायला शिकवलं आणि तिथून पोदेर गोवाभर पसरले, असं परंपरेने सांगतात. पुढे मुंबईतही बेकरीच्या धंद्यात गोंयकार उतरले, ही त्याचीच पुढची पायरी. म्हणजे गोव्याचा पाव हा गव्हाच्या दृष्टीने परका आणि सुरेच्या दृष्टीने अस्सल गावठी. पण हिंदू घराला त्याचं हे गावठीपण दिसत नव्हतं. त्याला दिसत होता तो पाद्री, ती सूर आणि बाटलेल्याचा हात.

'विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि गाव बाटला' ही गोष्ट गोव्यातल्या आणि कोकणातल्या मराठी माणसाने लहानपणी कधी ना कधी ऐकलेली असते. ती शब्दशः घेण्याचं कारण नाही. सोळाव्या शतकातली धर्मांतरं पावाच्या तुकड्याने झाली नाहीत, त्यामागे राज्यसत्ता होती. १५४० नंतर तिसवाडीतली देवळं पाडली गेली. १५५९ च्या हुकुमाने पोरक्या हिंदू मुलांना पाद्र्यांच्या ताब्यात द्यायची सोय झाली. १५६० साली इन्क्विझिशन आलं आणि मधली काही वर्षं वगळता ते थेट १८१२ पर्यंत राहिलं. देव पालखीत घालून माणसं नदीपलीकडे अंत्रूज महालात गेली. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा आज फोंडा परिसरात दिसतात त्या त्यामुळेच.

तरीही विहिरीची गोष्ट अगदीच पोकळ नाही. तिच्यात पाव टाकणाऱ्याबद्दल जेवढं आहे त्याहून जास्त पाणी पिणाऱ्याच्या शेजाऱ्यांबद्दल आहे. नकळत पाणी प्यायलेल्या माणसाला परत घ्यायचं नाही, हा निर्णय पाद्र्याचा नव्हता, आपला होता. १९२८ साली मसूरकर महाराजांनी हजारो ख्रिस्ती गावड्यांना शुद्ध करून हिंदू धर्मात घेतलं, तेव्हा विसावं शतक उजाडून अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्यानंतरही अनेक वर्षं ते 'नवहिंदू' म्हणून वेगळेच राहिले. जुन्या नात्यागोत्यात त्यांना सहज जागा मिळाली नाही. असो. विषय मोठा आहे, इथं फक्त एवढंच नोंदवतो की ताट ही गोव्यात सीमारेषा होती आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी पहारा होता.

दुसऱ्या बाजूचा पहारा किती बारकाईचा होता, याचा पुरावा १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात आहे. अनंत काकबा प्रियोळकरांचा 'द गोवा इन्क्विझिशन' हा इंग्रजी ग्रंथ १९६१ साली निघाला, त्यात ते वाचायला मिळतं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी काय करू नये, याची ती यादी. अंगणात तुळस लावू नये, धोतर नेसू नये, आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवून मीठ वरून घालू नये! भातात मीठ आधी की नंतर, यावरून माणसाचा धर्म जोखायचा. चुलीपर्यंत पोचलेलं राज्य यालाच म्हणतात. तिकडे भातात मीठ पाहणारे आणि इकडे ताटात पाव पाहणारे, अशा दोघांच्या मध्ये गोव्याचं स्वयंपाकघर अडीच शतकं होतं.

पणजी या गोष्टीत उशिरा येते. आदिलशहाचा वाडा मांडवीकाठी होता, १५१० मध्ये आल्बुकेर्कने तो घेतला, पण राजधानी वर नदीत, जुन्या गोव्याला. पणजी म्हणजे दलदल, माड, कोळ्यांची वस्ती आणि टेकडीवरचं एक कपेल. ते १५४१ चं, पुढे १६१९ मध्ये तिथंच मोठं चर्च झालं. आज ज्या पायऱ्यांवर सगळे फोटो काढतात त्या मात्र १८७१ च्या सुमाराच्या. वरची प्रचंड घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियनांच्या पडक्या चर्चमधून आणली. जुन्या गोव्यात साथींनी माणसं मेली, शहर ओस पडलं आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवला. एकोणिसाव्या शतकात दोम मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रो या गव्हर्नराने दलदल बुजवून सरळ रस्ते आखले आणि १८४३ मध्ये राजधानीचा अधिकृत दर्जा आला. तो वाडा पुढे सचिवालय झाला, २००० साली विधानसभा पर्वरीला जाईपर्यंत गोव्याचा कारभार तिथूनच चालत होता.

नव्या राजधानीला कारकून हवे होते, व्यापारी हवे होते, किराणा, कापड, सोनं-नाणं हवं होतं. आणि इथं राजवटीला हिंदूंवाचून चालेना. पणजीच्या महालक्ष्मीचं देऊळ १८१८ सालचं आहे. देवळं पाडलेल्या जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बारदेश, साष्टीत, अडीच-पावणेतीन शतकांनी राजवटीने रीतसर परवानगी दिलेलं हे हिंदू मंदिर. इन्क्विझिशन बंद होऊन फक्त सहा वर्षं झाली होती. चर्चकडून इथं पायी यायला दहा मिनिटं पुरतात, पण पाहुणा फोंताईन्हासला जातो आणि इकडे वळत नाही. माझं सांगणं असं, की नाश्ता झाल्यावर आधी इथं या. १८१८ साली या जागी घंटा वाजली असेल तेव्हा तिसवाडीतल्या हिंदूला काय वाटलं असेल, याची कल्पना करत दोन मिनिटं सभामंडपात बसा.

मग चर्च चौकातून खाली वाड्याकडे चालत जा. वाड्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, समोर कोसळणाऱ्या बाईवर दोन्ही हात रोखून उभा. १९४५ चा हा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने केला. फारिया १७५६ मध्ये कांदोळीला जन्मला, पॅरिसला जाऊन संमोहनाच्या शास्त्रात नाव काढलं. आपल्या विषयाशी त्याचा संबंध एका आख्यायिकेपुरता. लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना तरुण फारिया घाबरून गप्प झाला, तेव्हा त्याचा बाप कोकणीत पुटपुटला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" समोरची माणसं म्हणजे पालेभाजी समज आणि कापत सूट. खरंखोटं देव जाणे, पण राजदरबारातही गोंयकाराला आठवली ती भाजीच.

पाव हिंदूंच्या हॉटेलात कधी शिरला याची तारीख कुठल्याही फर्मानात नाही. पण दार कशाने उघडलं ते दिसतं. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने ख्रिस्त्यांच्या बरोबरीचे हक्क मिळाले. कचेऱ्यांत, शाळांत हिंदू मुलं दिसू लागली. याच सुमारास पणजीतली मुष्टिफंड संस्था उभी राहिली. नावातच सगळं आलं. घराघरातून मूठ मूठ तांदूळ गोळा करायचा आणि त्यावर मराठी शाळा चालवायची. खेड्यातून शहरात आलेला कारकून, विद्यार्थी, दुकानातला नोकर यांना सकाळी पोटाला काहीतरी स्वस्त आणि झटपट लागे. घरी सकाळची पेज असायची, शहरात पेज कोण देणार? भाजी हिंदू आचाऱ्याची आणि पाव दारात येणारा, हा तोडगा कुणा सुधारकाने काढलेला नाही, भुकेने काढला. घरी मात्र कित्येक वर्षं पाव ओसरीवरच खायचा, स्वयंपाकघरात न्यायचा नाही, असा नेम होता. आजारी माणसाला चहात बुडवून चालायचा, देवाच्या नैवेद्याला आजही चालत नाही. म्हणजे हॉटेलने जी मुभा दिली ती घराने दोन पिढ्या उशिरा दिली. मला तरी पणजीचा खरा सुधारक हा चहावालाच वाटतो, पण त्याचा पुतळा कुठं नाही.

फोंताईन्हासला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, पण सकाळी लवकर. लोक तिथं राहतात, त्यांच्या खिडकीत उभं राहून फोटो काढायचे नसतात. मुख्य रस्त्याचं नाव '३१ जानेवारी' आहे. वाटाडे त्याचा संबंध पोर्तुगाल स्पेनच्या जोखडातून सुटला त्या दिवसाशी लावतात, पण ती तारीख १ डिसेंबर १६४०. पोर्तुगालातल्या गावोगावी या नावाचे रस्ते आहेत ते १८९१ साली ३१ जानेवारीला पोर्तो शहरात झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाच्या स्मरणार्थ. म्हणजे आपल्या १९१० च्या दाराची किल्ली तिथं पाटीवर लिहिलेली आहे! आणि शहराच्या दुसऱ्या बाजूला '१८ जून' मार्ग. १९४६ च्या त्या दिवशी राममनोहर लोहियांनी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली. दोन तारखांच्या मध्ये सगळी पणजी मावते.

फोंताईन्हास संपतं तिथंच मळा सुरू होतो आणि वर टेकडीवर मारुतीचं देऊळ आहे. एवढ्या जवळ येऊनही पाहुणे ते चढत नाहीत. वरून मळ्याची, फोंताईन्हासची कौलं आणि पलीकडची खाडी एका नजरेत येते. हिवाळ्याच्या शेवटी मारुतीची जत्रा भरते, त्यावेळी आलात तर खाजें घ्या. बेसनाची कांडी, वर गूळ-आल्याचा पाक. गोव्याच्या खाज्याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बिबिंकाला २०२३ मध्ये. बिबिंका ख्रिस्ती घरातला, थरावर थर भाजत केलेला, त्याला वेळ आणि नारळाचा रस सढळ हाताने लागतो. खाजें फेस्तालाही विकलं जातं आणि जत्रेलाही, विकणारी माणसं बहुधा तीच. आपल्या गोष्टीत खाज्याला कधीच पहारा लागला नाही, हे त्याचं भाग्य.

दुपारी हूमण आणि शीत. यावर फार लिहीत नाही, गोव्यातल्या मासळीवर लिहिणाऱ्यांची कमतरता नाही. दोनच सूचना. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मोठ्या इसवणाच्या तुकड्याचा हट्ट धरू नका, तो बर्फातला असणार. त्या दिवसांत सुकी सुंगटं, किसमूर, आणि मिळाली तर रानातली अळमी खा. अळमी महाग असतात आणि तशाच असाव्यात, वारुळावर उगवलेल्या आहेत त्या. दुसरं, जेवल्यावर दुकानं बंद दिसली तर चिडू नका. पणजी दुपारी झोपते. तुम्हीही झोपा. आणि चवथीच्या दिवसांत येऊ नका, कारण तेव्हा हिंदूंची कितीतरी हॉटेलं बंद असतात आणि मी सांगितलेलं काहीच तुम्हाला मिळणार नाही.

ऊन उतरल्यावर कॅसिनोच्या दिव्यांकडे पाठ करून बेतीला जाणारी फेरीबोट धरा. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा या बोटींनीच शहर चालवलं. पलीकडून पणजी दिसते तशी अलीकडून दिसत नाही, टेकडी, चर्च, वाडा सगळं एका ओळीत. परत आल्यावर रात्री गाड्यावर रस-ऑम्लेट. ऑम्लेटवर शागोतीचा रस ओततात, वर कांदा, लिंबू, आणि अर्थात पाव. गाडेवाला कुठल्या धर्माचा आहे हे कुणी बघत नाही, रस संपला की नाही तेवढं बघतात.

जाता जाता पोदेराबद्दल. सायकलला मागे मोठी टोपली, वर प्लास्टिक, आणि भोंग्याचा पोंऽ पोंऽ असा आवाज करत तो सकाळ-संध्याकाळ येतो. त्याच्या टोपलीत फक्त चौकोनी पाव नसतो. कडक कवचाचा गोल उंडो असतो, बांगडीसारखं कांकण असतं, फुलपाखरासारखा कातरलेला पाव असतो आणि कोंडा लावलेली पोकळ पोई असते. आता पिठात सूर क्वचितच पडते, रेंदेरच उरले नाहीत, तिथं बाजारचं यीस्ट आलं. पोदेरांची पुढची पिढी बाहेर गेली आणि कितीतरी भट्ट्या कर्नाटकातून आलेल्या कारागिरांनी चालवायला घेतल्या. त्यात हिंदूही आहेत, मुसलमानही. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या विहिरीवाल्या शेजाऱ्यांना हे सांगितलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे.

पोई घ्यायची तर संध्याकाळची घ्या, पाचच्या सुमारास भट्टीतून येते ती. कागदात गुंडाळून मागा, प्लास्टिकच्या पिशवीत ती घाम सुटून चिवट होते. गाडीत बसण्याआधी एक तिथंच, नुसती, गरम असताना खा. उरलेल्या दुसऱ्या दिवशी घरी तव्यावर कोरड्याच परतायच्या, तूप लावायचं असेल तर नंतर.